रेवाचं नाव पुसलं, त्या कापणीचे दिवस

हरेश्वर चुरींची नोकरी माझ्यामुळे गेली. हे वाक्य मी आजवर कुणापुढे उच्चारलेलं नाही. बायकोपुढे नाही, देवापुढेही नाही. देवापुढे उभा राहिलो की मी आपला 'सगळ्यांना सुखी ठेव' असं मोघम काहीतरी पुटपुटतो आणि पटकन चपला घालतो. आज लिहायला बसलोय तेही धीर आला म्हणून नव्हे. गेल्या आठवड्यात पालघरच्या बाजारात एका बाईनं मला एक प्रश्न विचारला. तो प्रश्न पाठ सोडत नाही, म्हणून बसलोय.

पण आधी हे दिवस. दसरा होऊन गेलाय, दिवाळी अजून यायची आहे. पाऊस गेला तरी जमिनीतली ओल गेलेली नाही आणि वरून ऊन असं की दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. पालघरहून उमरोळीवरून बोईसरला जाताना दोन्ही अंगांना भात पिवळं पडलेलं असतं. काही खाचरं कापून मोकळी झालेली, काहींत डोंगरपट्टीतून आलेली कुटुंबं वाकून कापताहेत, बांधावर कुणाचं तान्हं साडीच्या झोळीत. कापलेल्या भाताला एक वास असतो. गवताचा म्हणावा तर गवताचा नाही, धान्याचा म्हणावा तर अजून धान्याचाही नाही; मधलाच काही, गोडसर. सरावली गाव मागे पडलं की त्या वासात एमआयडीसीचा वास शिरतो. कधी कुजक्या अंड्यांचा, कधी नेलपॉलिशचा. आम्ही इथली माणसं नाकानं वारा ओळखतो. मी मात्र हे दोन वास एकत्र आले की स्कूटर जोरात काढतो आणि घरी जेवण नको म्हणतो. बायको म्हणते, "तुम्हाला भाताच्या कुसाची ॲलर्जी आहे. दर वर्षी याच दिवसांत तुमची दातखीळ बसते." ती गोळी देते. मी घेतो.

तारापूरच्या एका रसायनांच्या कंपनीत मी कॉम्प्युटर सांभाळतो. तेव्हाही सांभाळायचो. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्याची गरज नाही. माझा हुद्दा कागदावर काहीही असला तरी सगळ्यांच्या लेखी मी 'मशीनवाला राऊत'. जुन्या शेठनी पहिला सर्व्हर आणला तेव्हा त्याला झेंडूचा हार घातला, दाराशी नारळ फोडला आणि मला विचारलं, "याला नाव द्यावं लागतं ना?" मी म्हटलं, हो, डोमेनला एक नाव लागतं, कंपनीचे सगळे कॉम्प्युटर त्या एका नावाखाली येतात. शेठ म्हणाले, "मग माझ्या आईचं दे."

आईचं नाव रेवा. तेव्हापासून आमच्या सगळ्या यंत्रांचं घराणं रेवा. सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की पडद्यावर आधी रेवा, मग एक तिरपी रेघ, मग तुमचं नाव. आधी तुम्ही कुणाच्या घरचे ते, मग तुम्ही कोण ते. नेटवर्क मंद झालं की खरेदी विभागातून हाक यायची, "राऊत, रेवाबाईंना चहा पाठवा, अजून पेंगताहेत!" कुणाचा पासवर्ड चुकला की, "म्हातारीनं दार लावून घेतलं वाटतं." ज्या बाईला आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं, तिची अशी रोज थट्टा चालायची, आणि त्या थट्टेत एक माया होती. आता वाटतं, ती मायाबिया आपण मागाहून चिकटवतो. तेव्हा आम्ही फक्त वैतागलेले असायचो.

हरेश्वर चुरी प्रयोगशाळेचे प्रमुख. मी त्यांना हरूभाऊ म्हणायचो, ते मला सुधीर. नावानिशी लिहितोय, कारण त्यांची बदनामीही नावानिशीच झाली. ते माकुणसारचे. घराला लागून वाडी, पानवेलीचा मळा. पहाटे वेलींना पाणी देऊन मग सफाळे स्टेशनवरून गाडीनं बोईसर गाठायचे, आणि तरी प्रयोगशाळेचं कुलूप उघडायला पहिले तेच. थंडी पडली की त्यांच्या डब्यात उकडहंडी असायची, मडक्यात शिजवलेल्या कंदांची, भरपूर कोनफळ घातलेली. ती खायला ते माझ्या सर्व्हरच्या खोलीत येत, कारण कंपनीत बरा एसी तेवढाच. "बघ कसं हाय," डबा उघडत म्हणायचे, "तुजी रेवाबाय गारव्यात बसते आणि आमी रिॲक्टरशेजारी शिजतो. पुढच्या जन्मी मला सर्व्हर कर म्हणावं."

त्यांचं काम असं: टँकर भरण्याआधी मालाचा नमुना त्यांच्याकडे यायचा. यंत्रात टोचला की कॉम्प्युटरवर एक आलेख उमटायचा, लांबून दिसणाऱ्या डोंगररांगेसारखा. कुठलं शिखर किती उंच, यावरून माल किती शुद्ध ते कळायचं. हरूभाऊ तो आकडा प्रमाणपत्रावर लिहून सही करत आणि टँकर सुटे. आलेख कॉम्प्युटरमध्येच राहायचे. सहीमागचा पुरावा तो आलेख. तो नसेल तर सही म्हणजे नुसती सांगोवांगी.

आणि आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिथेच अडकलं. प्रयोगशाळेच्या त्या कॉम्प्युटरवर हरूभाऊंचं नाव नव्हतं. सावेकाकांचं होतं. सावेकाका त्यांच्या आधीचे प्रमुख. निवृत्त होऊन वाणगावला ढोबळी मिरची लावत होते. यंत्र बसवलं तेव्हा त्यांच्या नावानं बसवलं होतं. ते गेल्यावर मी नाव बदलायला गेलो, तर हरूभाऊंनी माझा हात धरला. "राहू दे रे. यंत्राला काकांची सवय हाय. उगाच नखरे करंल." झालं. तिन्ही पाळ्यांतली माणसं सावेकाकांच्याच नावानं काम करत राहिली. नवीन माणूस आला की त्याला शिकवायचे, "आधी काकांना उठव, मग नमुना टोच." कॉम्प्युटर कधी बंदच व्हायचा नाही, 'बंद करू नये' असा कागद चिकटपट्टीनं त्याच्या कपाळावर लावलेला. नियमानं हे चूक होतं. मला माहीत होतं. पण चालत्या गाडीला खीळ कशाला घाला, म्हणून मीही चालू दिलं. महिना संपला की हरूभाऊ त्या महिन्याचे आलेख उचलून सर्व्हरवर ठेवायचे. महिनाभर मात्र ते फक्त त्या एका यंत्रात, सावेकाकांच्या नावाखाली.

मग कंपनी विकली गेली.

नवी माणसं मुंबईहून आली. आल्या आल्या त्यांनी कुणाला काढलं नाही, आवाज चढवला नाही. फक्त कॅमेरे लावले. फाटकावर, कँटीनच्या दारात, प्रयोगशाळेच्या बोळात. नव्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून अगदी गोड आवाजात सांगितलं, "राऊत, कौन कब लॉगिन करता है, कब निकलता है, एक रिपोर्ट रोज भेजना. बस, आदत के लिए." कुणाच्या सवयीसाठी, ते मी विचारलं नाही. रोज पाठवत राहिलो. आठवड्याभरात कँटीनमध्ये मी ताट घेऊन बसलो की बाकावरची बोलणी पिकावर, क्रिकेटवर वळायला लागली. कुणीतरी मॉनिटरवरच्या कॅमेऱ्याच्या डोळ्यावर टिकली चिकटवलेली दिसली. कुणाची म्हणून चौकशी केली तर सगळे माझ्याकडे असे बघत राहिले, जणू ती टिकली मी साहेबांना कळवायलाच आलोय.

मीही कमी संशयी नव्हतो. मुंबईच्या ऑफिसात त्यांचा स्वतःचा मशीनवाला होता. दोघांचं काय करणार? फोन वाजला की वाटायचं, आला निरोप. खरेदीतल्या एकाच्या हातात असंच एका दुपारी नोकरी संपल्याचं पत्र दिलं होतं. चहाचा कप अर्धा ठेवून तो गेला. तो कप कुणीतरी उचलेपर्यंत तिथेच होता आणि आम्ही सगळे त्याच्याकडे न बघता काम करत होतो.

अशात हुकूम आला: रेवा काढा. नव्या समूहाच्या नावाची तीन कोरडी अक्षरं तिच्या जागी यायची होती. "पुराना कुछ भी कहीं नहीं दिखना चाहिए," साहेब म्हणाले. "कुछ भी."

बातमी पसरायला वेळ लागला नाही. हरूभाऊ खोलीत आले, नेहमीसारखे बसले नाहीत, दारातच उभे. "कंपनी विकली, ठीक. आता आई पन बदलायची?"

मी हसून म्हटलं, "हुकूम आहे."

"मग कर बाबा. आपल्याला काय." आणि जाता जाता म्हणाले, "नाव बदलतात ना, तेव्हा मानसं बदलायची असतात. बघ तू."

रिॲक्टरवरच्या रामसजीवननं मला बोळात अडवलं. "राऊतजी, नाम बदलने से बदबू जाएगी क्या?" सगळे खदखदून हसले. मीही हसलो. पण हसता हसता मी बघत होतो, कोण हसताना माझ्याकडे बघतंय.

डोमेनचं नाव बदलणं दुकानाची पाटी बदलण्याइतकं सोपं नसतं. प्रत्येक यंत्राला ते सांगावं लागतं. सर्व्हरवर काळी चौकट उघडून आज्ञा लिहायच्या, नवं नाव नोंदवायचं, आणि मग कंपनीतलं एकूण एक यंत्र दोनदा बंद करून दोनदा सुरू करायचं. एकदा नवं नाव कळावं म्हणून, दुसऱ्यांदा ते अंगवळणी पडावं म्हणून. त्या वेळी जे यंत्र बंद असेल किंवा कुणाच्या घरी गेलेलं असेल, ते जुन्याच नावात राहतं. दुसऱ्या दिवशी येऊन दार ठोठावतं आणि आतून कुणी ओळख देत नाही.

बॉयलरच्या तपासणीसाठी कंपनी बंद होती तो रविवार मी धरला. सकाळपासून एकटाच. खिडकीतून कुंपणापलीकडची शेतं दिसत होती. तिथे झोडणी चालली होती, भाऱ्यांचा धप्प-धप्प आवाज एकसारखा येत होता. मी एकेका टेबलापाशी जाऊन यंत्रं उठवत होतो, निजवत होतो. रेवा एकेका पडद्यावरून नाहीशी होत होती, आणि खरं सांगतो, मला काहीही वाटत नव्हतं. काम नीट चाललं होतं. त्याच ओघात मी कंपनी सोडून गेलेल्या माणसांची नावं आणि त्यांची साठवण पुसत होतो. जुनं काही दिसायला नको होतं ना.

प्रयोगशाळेत गेलो. कपाळावरचा तो कागद काढला. कॉम्प्युटर बंद केला, सुरू केला, परत बंद, परत सुरू. सावेकाका प्रथमच झोपले होते. त्यांचं नाव दिसलं. निवृत्त माणूस. पुसलं. खात्री आहे का, असं यंत्रानं विचारलं. ते नेहमीच विचारतं. डिस्कवर मोकळी जागा एकदम वाढलेली दिसली, आणि घर झाडून झाल्यावर वाटतं तसं बरं वाटलं.

सोमवारी सगळीकडे गोंधळ. कुणाला प्रिंटर सापडेना, कुणाचा पासवर्ड घेईना. त्या गडबडीत हरूभाऊ आले. हातात काढलेला तो कागद.

"सुधीर, काका कुठायत?"

"काका रिटायर झाले, हरूभाऊ. आता तुमच्या नावानं उघडायचं. मी करून देतो."

"ते कर. पन आमचे या महिन्याचे ग्राफ काकांच्यात हायत. ते देशील ना काढून?"

त्यांनी सहज विचारलं. शेजाऱ्याकडे ठेवलेली किल्ली मागावी, तसं. रविवारी आपण काय पुसलं ते मला तिथेच कळलं. मी म्हणालो, "बघतो. तुम्ही काम थांबवू नका. चालू द्या."

इथे थांबून एक गोष्ट नीट सांगतो, कारण चुकीपेक्षा मोठी गोष्ट ही आहे. कॉम्प्युटरमधून पुसलेलं लगेच जात नाही. काही काळ ते तळाशी असतं. यंत्र ताबडतोब बंद ठेवलं आणि त्यातल्या जाणकाराकडे नेलं, तर पुष्कळसं परत मिळतं. त्यावर नवं लिहिलं गेलं की मग ब्रह्मदेवही काढू शकत नाही. हे मला त्या क्षणी ठाऊक होतं. माझा धंदाच तो. यंत्र बंद ठेवायचं म्हणजे टँकर थांबणार, टँकर थांबले की साहेब कारण विचारणार, आणि कारण मी. म्हणून 'चालू द्या' म्हणालो. प्रयोगशाळा चालू राहिली. रोजचे नवे डोंगर जुन्या डोंगरांवर चढत गेले. हरूभाऊ स्वतःच्या हातानं, माझ्या सांगण्यावरून, स्वतःचा पुरावा बुजवत होते. दोन-तीनदा त्यांनी आठवण केली. मी दोन-तीनदा 'बघतोय' म्हणालो.

भात घरात आलं, दिवाळी झाली, रस्त्याकडेला पेंढ्याच्या गंजी उभ्या राहिल्या, आणि एका ग्राहकाकडून तपासणीला माणसं आली. त्यांना एका मालाचा संशय होता. त्यांनी नेमका तो महिना मागितला. प्रमाणपत्रं होती, सह्या होत्या. आलेख नव्हते.

साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही तिघे. पडदे ओढलेले. हरूभाऊंनी जे होतं ते सांगितलं: चाचण्या केल्या, आलेख सावेकाकांच्या नावाखाली होते, सगळेच तसं काम करत होते. मला वाटलं होतं, ते हे लपवतील. त्यांनी लपवलं नाही. आणि त्या खरेपणानंच ते अडकले.

"रिटायर्ड आदमी के नाम से काम?" साहेब खुर्चीत मागे रेलले. "फिर तो कोई भी कुछ भी बना सकता है. चुरीजी, टेस्ट किया भी था, या सीधे नंबर लिख दिए?"

हरूभाऊंचा चेहरा उतरला नाही. त्यांना वाटलं असावं, उत्तर शेजारीच बसलंय. ते माझ्याकडे वळले. "सुधीरला विचारा ना. त्याला म्हाईत हाय."

"राऊत? ऐसा कुछ था मशीन पर?"

मी म्हणालो, "मशीन पर ऐसा कुछ नहीं है, सर."

'था' असं विचारलं होतं. मी 'है' असं उत्तर दिलं. कोर्टात उभं केलं असतं तरी खोटं ठरलं नसतं असं वाक्य. ते मी ऐनवेळी बोललो नाही. आदल्या दिवसापासून जिभेवर घोळवत होतो.

हरूभाऊंनी टेबलावरचा आपला चष्मा उचलला. त्यांना राजीनामा लिहायला सांगितलं गेलं. फाटकापर्यंत मी बरोबर गेलो. का गेलो, कुणास ठाऊक. न जाणं जास्त दिसलं असतं म्हणून असेल. रखवालदारानं त्यांची पिशवी तपासली, डबा उघडून पाहिला. डबा बंद करत हरूभाऊ मला म्हणाले, "तू कशाला तोंड पाडतोस? मशीनच ती. मानसासारखी थोडीच हाय, विचारलं तर सांगंल."

हे वाक्य मी इतक्या वेळा उलटंपालटं करून पाहिलंय. त्यांना कळलं होतं का? टोमणा होता का? की खरंच माझी समजूत घालत होते? कधी अर्थ एक लागतो, कधी दुसरा. त्यानंतर मी माकुणसारला गेलो नाही. पूर्वी वर्षातून दोनदा तरी जाणं व्हायचं, त्यांच्या पत्नी नलूवहिनी पानांची जुडी बांधून द्यायच्या. बोईसर स्टेशनवर एकदा हरूभाऊ पाठमोरे दिसले, तर मी पुलाच्या पायऱ्या परत चढलो.

आणि मग मी एक केलं, जे सांगायला सगळ्यांत जड जातंय. मी त्यांच्यावर संशय घ्यायला लागलो. आधी हळूच, मग सरावानं. त्यांचे आकडे एवढे एकसारखे कसे असायचे? एकदा टँकर घाईत सुटला होता, तेव्हा चाचणी एवढ्या लवकर कशी झाली? सावेकाकांचं नाव बदलू नको म्हणाले, ते का? अशी एकेक काडी जमवून मी घरटं बांधलं आणि त्यात ऊबेला बसलो. माणूस खोटा असेल तर मी त्याचं काय बुडवलं? बोईसरमध्ये कुणी विचारायचं, "चुरींचं खरं काय होतं हो?" मी खांदे उडवायचो, "आपण काय सांगणार." त्यांना दुसऱ्या कुठल्याच कंपनीनं घेतलं नाही. एमआयडीसीत माणसापेक्षा त्याचं नाव आधी पोचतं. ते पूर्ण वेळ वाडीत गेले. माझी नोकरी राहिली. नव्या नावाचं डोमेन उत्तम चाललं, आजही चालतंय.

गेल्या आठवड्यात पालघरच्या बाजारात मी भाजी घेत होतो, तर मागून, "राऊतभाऊजी ना?" नलूवहिनी. केस पांढरे झालेले, पिशवीत पानांच्या जुड्या; दुकानावर द्यायला आल्या होत्या. माझी विचारपूस केली, बायकोची केली. मी काही विचारायच्या आत स्वतःच सांगू लागल्या. मुलगी केतकी रसायनशास्त्रच शिकली, बापासारखं. बोईसरच्या एका कंपनीत मुलाखतीला गेली. समोरच्या माणसानं नाव वाचून विचारलं, "माकुणसारचे चुरी? ते आकडेवाले?"

"घरी आली ती रडत नाय, काय नाय. सरळ बापाला विचारलंन, बाबा, तुमी केलं होतं का? हे उठले नि वाडीत गेले. त्या दिसापासून दोघं एका घरात राहतात, पन बोलत नाय."

मी कोथिंबीर निवडत होतो. एकेक काडी.

"भाऊजी, एक विचारू? तुमी मशीनवाले. तुमाला म्हाईत असंल." त्यांनी आवाज अगदी खाली आणला. "ह्यांनी खोटं केलं होतं का? मी कदी विचारलं नाय ह्यांना. भीती वाटते. पन तुमी आमच्याकडं यायचं सोडलंत ना, तवाच मी समजले. काय तरी असंल. नाय तर भाऊजी आले नसते?"

माझ्या लाजेचा त्यांनी हा अर्थ लावला होता. मी तोंड लपवत होतो माझं, आणि त्या बाईनं इतकी वर्षं ते नवऱ्याविरुद्धची साक्ष म्हणून धरलं होतं. त्याच्यासाठी भाकरी थापली, त्याच्याबरोबर वेलींना पाणी दिलं, आणि मनात तेवढा खडा तसाच.

आणि मी काय म्हणालो? "वहिनी, फार वर्षं झाली. मला नीटसं आठवत नाही."

"आठवत नाय," त्या म्हणाल्या. विचारलं नाही, नुसतं म्हणाल्या. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "बरं. येते. ऊन फार हाय." आणि गर्दीत गेल्या. भाजीवाल्यानं मला विचारलं, "काका, घेनार हाय का नुसतीच कुस्करनार?"

मला आठवतं. सगळं आठवतं. त्या रविवारी सावेकाकांचं नाव पुसण्याआधी मी त्यांची साठवण उघडली होती. सवयीनं, बाहेर फेकण्याआधी डब्यात डोकवावं तशी. आत आलेख होते, रांगेनं. एक उघडूनही पाहिला. शिखरं होती, खाली तारीख होती, चालू महिन्याची. महिना संपल्याशिवाय प्रत सर्व्हरवर जात नाही हे घाईत विसरून, असेलच तिथे, असं धरून मी बंद केला आणि पुसलं. म्हणजे हरूभाऊंनी चाचण्या केल्या होत्या की नाही, हा प्रश्न माझ्यापुढे कधी नव्हताच. जगाला संशय घ्यायची मुभा होती, साहेबांना होती, नलूवहिनींना होती, केतकीला होती. एकट्या मला नव्हती, कारण मी पाहिलं होतं. तरी सगळ्यांत जास्त संशय मीच घेतला, मुद्दाम, हळूहळू, पाणी घालून वाढवला.

आज सकाळी कामावर येताना शेवटची खाचरं कापत होते. मी स्कूटर थांबवली नाही. केबिनमध्ये आलो, दार लावलं, आणि हे लिहिलं. छापून आलं तरी त्यानं काही फिटत नाही, हे मला कळतं. छापलेलं कुणी वाचतं, कुणी नाही. माकुणसारात वाचलं जाईलच असं नाही. आणि नुसतं लिहून मोकळं व्हायचं ही माझ्यासारख्या माणसाची आणखी एक पळवाट असू शकते. माझ्यावर माझा तेवढा विश्वास राहिलेला नाही.

माकुणसारला त्यांच्या घरी जाऊन, हरूभाऊ, वहिनी आणि केतकी तिघांच्या समोर मला हे सांगायचं आहे: चाचण्या झाल्या होत्या, आलेख होते, मी ते पाहिले, मी ते पुसले, आणि विचारलं तेव्हा मी बोललो नाही. मग तेच कंपनीला माझ्या सहीनं लिहून द्यायचं आहे. एवढं मी देणं लागतो. अजून दिलेलं नाही.